स्टॅफर्ड गॅम्बिटसमोर दरवेळी दहा चालींत डाव संपतोय? मला सापडलेलं दुखणं आणि त्यावरचा इलाज

स्टॅफर्ड गॅम्बिट ही बुद्धिबळात काळ्यानं सुरुवातीलाच एक प्यादं मुद्दाम देऊन हल्ला मिळवायची युक्ती. आधी प्रॉब्लेम नीट सांगतो, म्हणजे ज्यांना होतोय त्यांना लगेच ओळखू येईल.

पांढरे मोहरे आपल्याकडे. (घराच्या नावात अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे आडवी; नुसतं घर सांगितलं की ती प्याद्याची चाल.) आपण ई४, समोरचा ई५. आपण घोडा एफ३ ला काढतो, आणि समोरचा ई५ चं प्यादं वाचवायचं सोडून स्वतःचा घोडा एफ६ ला काढतो. इथपर्यंत हा सरळसाधा पेट्रॉफ, रशियन डिफेन्स म्हणतात तो. आपण घोड्यानं ई५ चं प्यादं मारतो. आता खरं तर त्यानं डी६ खेळून आपला घोडा हाकलायला हवा, पण तो शांतपणे दुसरा घोडा सी६ ला आणून ठेवतो, घ्या म्हणतो. हाच स्टॅफर्ड गॅम्बिट. आपण घेतो, तो डी प्याद्यानं परत मारतो. चार चाली झाल्या, आपल्याकडे एक प्यादं जास्त, त्याची सी फाइलवर, म्हणजे सी च्या उभ्या रांगेत, दोन प्यादी एकावर एक, इंजिनला (चाली तपासणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमला) विचारलं तर ते पण सांगतंय की पांढरा चांगलाच पुढे आहे. आणि दहाव्या चालीच्या आत आपला वजीर तरी गेलेला असतो नाहीतर राजा मात झालेला असतो. हे एकदा झालं तर ठीक, दरवेळी होत असेल तर ही पोस्ट तुमच्यासाठी आहे.

माझं सांगतो. मी रात्री जेवणं उरकली की फोनवर दहा मिनिटांचे दोन-तीन डाव टाकतो, रेटिंग बाराशेच्या आगेमागे. या गॅम्बिटसमोर मी लागोपाठ इतके डाव हरलो की समोरच्याचा घोडा सी६ ला आला की हाताला घामच फुटायचा. पण खरा धक्का बसला तो मागच्या वर्षी आमच्या सोसायटीच्या गणपतीत. बुद्धिबळ स्पर्धा होती, समोर पलीकडच्या विंगमधला आठवीतला मुलगा, दहा-दहा मिनिटांचा डाव. पाचव्या चालीला मी डी३ खेळलो, त्यानं उंट सी५ ला आणला. मी माझा उंट जी५ ला नेला, त्याचा एफ६ चा घोडा वजिराला पिन झाला, म्हणजे तो हलला तर मागचा वजीर उघडा पडणार, म्हणून मनातून बरं वाटलं. त्यानं तोच पिन झालेला घोडा उचलला आणि ई४ चं प्यादं मारलं. वजीर उघडा! मी क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघितलं, वाटलं पोराची चूक झाली, आणि वजीर घेतला. त्याचा उंट एफ२ वर, शह. राजाला ई२ शिवाय घरच नाही. मग दुसरा उंट सरळ जी४ ला, आणि मात. आठव्या चालीला. माझा वजीर डी१ वर जागेवर, दोन्ही हत्ती जागेवर, त्याचा वजीर माझ्या हातात, आणि राजा पटाच्या मधोमध अडकलेला. मागे आरतीची तयारी चालू होती, मी तिथेच बराच वेळ त्या पटाकडे बघत बसलो.

हा फास तसा जुनाच आहे. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये लेगाल नावाचा खेळाडू होता, फिलिडोरचा गुरू, त्याच्या नावानं जी वजीर सोडून लहान मोहऱ्यांनी केलेली मात प्रसिद्ध आहे तिचंच हे काळ्या बाजूचं भावंड. स्टॅफर्ड हे नाव १९५० मध्ये पत्रानं खेळलेल्या लोवेन्स विरुद्ध स्टॅफर्ड या डावावरून पडलं. आणि अलीकडे एरिक रोझन या अमेरिकन इंटरनॅशनल मास्टरनं आपल्या स्ट्रीमवर आणि यूट्यूबवर हा इतका खेळून दाखवला की आता कुठल्याही गल्लीतल्या पोराला सगळे फास पाठ आहेत. म्हणून तुम्हाला तो सारखा सारखा भेटतो, नशीब खराब वगैरे काही नाही.

आता मी काय काय करून बघितलं आणि का चाललं नाही ते आधी, कारण बरेच जण याच वाटेनं जातात.

पहिलं म्हणजे फास पाठ करणं. सगळे व्हिडिओ बघितले, वहीत चाली लिहिल्या. आठवडाभर टिकलं. मग समोरच्यानं एखादी चाल मागेपुढे केली की माझं पाठांतर गळून पडायचं, कारण चाल माहीत होती, ती चाल का आहे ते माहीत नव्हतं.

दुसरं म्हणजे एच३. घोडा जी४ ला येऊन त्रास देतो ना, मग ते घरच बंद करू, असा विचार. हा तर उलटाच पडला. एच३ ला प्यादं असलं आणि तुम्ही कॅसलिंग (राजा दोन घरं सरकवून हत्ती त्याच्या पलीकडे ठेवायची चाल) केलेलं असलं की काळा एच५ करून घोडा तरीही जी४ ला आणून ठेवतो, तुम्ही एच प्याद्यानं मारलं की तो एच प्याद्यानं परत मारतो, आणि एच फाइल उघडून त्याचा हत्ती थेट तुमच्या राजाच्या दारात. म्हणजे आपण लावलेली कडीच त्यानं धरून दार उपसून काढलं.

तिसरं म्हणजे पळ काढणं. चौथ्या चालीला सी६ चा घोडा मारायचाच नाही, आपला घोडा गपचूप एफ३ ला परत न्यायचा. हे चालतं बरं का, चूक नाहीये. तो ई४ चं प्यादं घेतो, हिशोब बरोबरीत येतो, धोका टळतो. पण समोरचा एक प्यादं फुकट देतोय आणि आपण घाबरून ते परत देतोय हे मला पटेना.

मग एका रविवारी मी बसलो आणि हरलेले सगळे डाव एकामागून एक उघडले, लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर जुने डाव सगळे सापडतात. प्रत्येक डावात एवढंच बघितलं की घात झाला त्याच्या एक चाल आधी पट कसा दिसत होता. तेव्हा कळलं की मला दहा वेगळे फास वाटत होते ते मुळात दोनच आहेत, आणि दोन्ही एकाच मोहऱ्यावर उभे आहेत. सी५ चा काळा उंट.

नीट बघा. तो उंट सी५ वरून डी४, ई३ करत थेट एफ२ वर बघतोय. एफ२ ला राखायला फक्त राजा. हे एक झालं. दुसरी गोष्ट मला बरेच दिवस दिसलीच नव्हती. काळ्यानं चौथ्या चालीला डी प्याद्यानं मारलं, म्हणजे त्याची डी फाइल उघडी झाली, आणि त्याचा वजीर डी८ वरून खाली बघतोय. आपला वजीर डी१ वर. मध्ये आडवं फक्त आपलं डी प्यादं. आणि आपल्या डी१ च्या वजिराला कोण राखतंय? पुन्हा राजाच. म्हणजे एकाच राजावर दोन कामं, एफ२ सांभाळ आणि वजीरही सांभाळ. डी प्यादं त्या फाइलवरून बाजूला सरकलं की काळा एफ२ वर उंट देऊन राजाला एका कामावर ओढतो आणि दुसरं काम उघडं पडतं.

आता ई५ वाला फास बघा, सगळं आपोआप कळेल. पाचव्या चालीला आपण ई५ करतो, घोडा हाकलतोय म्हणून चाल फार छान वाटते. घोडा ई४ ला जातो. आपण डी३ करून पुन्हा हाकलतो. काळा घोडा हलवतच नाही, उंट सी५ ला आणतो. आपण डी प्याद्यानं ई४ चा घोडा मारतो, आणि तिथेच डी फाइल रिकामी होते. उंट एफ२ वर शह. राजानं उंट मारला की वजीर वजीर घेतो. राजा ई२ ला गेला तर दुसरा उंट जी४ वर शह, मग राजानं एफ२ मारलं की पुन्हा वजीर गेला. घोडा न मारता उंट ई३ ला आणून वाचायला बघितलं तर उंट उंटाला मारतो, एफ प्याद्यानं परत घ्यावं लागतं, मग वजीर एच४ वर शह, जी३ करावं लागतं, घोडा जी३ मारतो, एच प्याद्यानं घोडा घेतला की वजीर एच१ चा हत्ती खातो. सगळीकडून बंद. चूक एका चालीत आहे, ई५ नंतर डी३. आणि ई५ नंतर डी३ च्या जागी डी४ करा असं कोणी सांगितलं तर ते बरोबरच आहे, फक्त तिथेही वजीर एच४ ला आला की हात जी३ कडे जाऊ देऊ नका, घोडा जी३ मारतो, एफ प्याद्यानं घेतलं की वजीर ई४ वर शह देऊन एच१ चा हत्ती उचलतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, पाचव्या चालीला ई५ खेळूच नका. घोडा हाकलल्याचा आनंद एका चालीचा असतो.

माझ्या गणपतीतल्या डावातही तेच. तिथे घोड्यानं ई४ मारल्यावर मी वजीर न घेता डी प्याद्यानं घोडा मारला असता तरी एफ२ वर उंट, आणि वजीर गेलाच असता. म्हणजे वजीर घेणं ही चूक नव्हतीच, त्याच्या आधीचा उंट जी५ हीच चूक. पिन केलेला घोडा हलू शकत नाही हे आपण गृहीत धरतो, पण वजिराला केलेली पिन ही खरी बेडी नाही, राजाला केलेली पिनच खरी. समोरच्याला वजिरापेक्षा मोठं काही मिळत असेल तर घोडा हलणार.

दुसऱ्या जातीचा फास कॅसलिंगनंतरचा. पाचव्या चालीला डी३, उंट सी५, सहाव्याला आपण समजूतदारपणे उंट ई२ करतो. काळा एच५. ही चाल बघून वाटतं काय हा पोरकटपणा, आणि आपण लगेच कॅसल करतो, कारण सगळीकडे ऐकलंय लवकर कॅसल करा. घोडा जी४. आपण एच३ करून विचारतो, जातोस का? तो वजीर डी६ ला आणतो. आता घोडा मारला तर एच प्याद्यानं परत मारतो, हत्तीची फाइल उघडी, वजीर एच२ वर मात करायला तयार. जी३ करून अडवलं तर वजीर सरळ जी३ चं प्यादं खातो आणि तीच मात, कारण एफ२ चं प्यादं त्या वजिराला मारू शकत नाही! का? सी५ चा उंट. कॅसल केल्यावर राजा जी१ ला गेला, आणि तो उंट आता एफ२ च्या प्याद्याला राजावर खिळवून बसलाय. इथे राजाला खरी पिन आहे. आपल्या डोळ्यांना एफ२ चं प्यादं जी३ राखतंय असं दिसतं, पण ते प्यादं नुसतं उभं आहे, कामाचं नाही.

हे एकदा दिसलं ना, की पाठांतराची गरजच राहत नाही. त्या मुलानं मला नंतर जिन्यात भेटल्यावर एक वाक्य सांगितलं होतं, "काका, तुम्ही माझा घोडाच बघत होता, उंट आधी बघायचा ना." तेव्हा समजलं नव्हतं, पण सगळा इलाज त्यातच होता.

तर इलाज. सी५ च्या उंटाची रेघ बंद करायची. कशी? डी४ ला प्यादं आणून, आणि ते प्यादं पक्कं राहावं म्हणून आधी सी३. पण पाचव्या चालीला थेट डी४ केलं तर काळा ई४ चं प्यादं घोड्यानं उचलतो आणि जास्तीचं प्यादं परत गेलं. म्हणून त्याआधी ई४ राखलं पाहिजे. यातून क्रम आपोआप निघतो, पाचवी चाल एफ३, सहावी सी३, सातवी डी४. बस, एवढंच. एफ३ दिसायला कुरूप चाल आहे, घोड्याचं घर अडवते, राजासमोर भोक पाडते, कुठलाही शिक्षक सुरुवातीला एफ३ नको म्हणेल आणि शंभरातल्या नव्याण्णव डावांत त्याचं बरोबरच असेल. पण इथे ती ई४ पक्कं करते, आणि काळ्याचं ते जी४ चं घरही एफ३ च्या ताब्यात येतं, घोडा तिथे आला की मारायला प्यादं तयार. दोन दुखणी एका गोळीत.

सी३ च्या ऐवजी घोडा सी३ ला काढायचा मोह होतो, मला फार व्हायचा. घोडा सी३ ही वाईट चाल नाही, पण मग सी प्यादं त्याच्या मागे अडकतं, डी४ ला आधार राहत नाही आणि उंटाची रेघ उघडीच राहते. त्यामुळे या डावात बी१ चा घोडा नंतर डी२ ला.

आता एफ३ ची किंमत पण समजून घ्या, नाहीतर नवीन दुखणं मागे लागेल. एफ प्यादं सरकलं म्हणजे ई१ ते एच४ ही रेघ उघडी झाली. काळ्याचा वजीर एच४ वर आला की शह. त्यासाठी तो आधी घोडा एच५ ला नेतो, म्हणजे शहाला तुम्ही जी३ नं अडवलं की घोडा जी३ मारेल आणि एच प्याद्यानं घोडा घेतला की एच१ चा हत्ती वजिराला. इथे बरेच जण पडतात, मी स्वतः तीन वेळा पडलो, एफ३ सी३ करून खूश होऊन घाईत डी४ खेळलो आणि वजीर एच४ ला येऊन बसला. नियम सोपा आहे, घोडा एच५ ला गेलेला दिसला की बाकी सगळं बाजूला ठेवा, आधी जी३. मग वजिराला एच४ हे घरच उरत नाही. घोडा चिडून जी३ वर आला तर एच प्याद्यानं शांतपणे मारा, वजीर अजून डी८ वरच आहे, हत्तीला धोका नाही. मग तो वजीर डी६ ला आणून जी३ वर नजर ठेवेल, तुम्ही डी४ करून उंटावर चाल करा. जी३ घेऊन त्यानं शह दिला तरी राजा ई२ ला सरकतो, एक आख्खं मोहरं तुमच्याकडे जास्त. पाचव्याच चालीला, म्हणजे एफ३ केल्या केल्या, घोडा एच५ ला आला तरी हेच उत्तर.

दुसरी शक्यता, काळा काही धांगडधिंगा न करता कॅसल करतो, तुम्ही डी४ करता, त्याचा उंट बी६ ला नाहीतर डी६ ला मागे जातो. उंट डी६ ला असला की हात शिवशिवतो, ई५ केलं की उंट आणि घोडा दोघांवर एकदम हल्ला, काय मस्त फोर्क! करू नका. तो हत्ती ई८ ला आणतो आणि तुमचं ई५ चं प्यादं तुमच्याच राजावर पिन, उंट मारायलाच येत नाही. पुन्हा खरी पिन. त्यापेक्षा उंट ई३, घोडा डी२, वजीर सी२, आणि राजा वजिराच्या बाजूला कॅसल. छोट्या बाजूला कॅसलिंग या डावात विसरा, निदान डी४ ची भिंत पक्की होईपर्यंत तरी. जास्तीचं प्यादं कुठे पळून जात नाही, पंधरा-वीस चाली शांतपणे खेळा, काळ्याचा हल्ला विरला की त्याच्याकडे दाखवायला काहीच नसतं.

डी३, उंट ई२ वाल्या पद्धतीनंही खेळता येतं, काळ्यानं एच५ केलं की कॅसल न करता सी३ आणि घोडा जी४ ला आल्यावर डी४. विचार तोच, उंटाची रेघ बंद. पण तिथे वजीर एच४ ला येतो, घोडा जी४ वर ठाण मांडून बसतो, एफ२ वर दाब राहतो, पाच मिनिटांच्या डावात मला ते झेपत नाही. ज्यांना झेपतं त्यांनी जरूर खेळावं.

चाली समजल्या तरी बोटं जुन्याच सवयीनं चालतात, म्हणून सराव कसा केला ते सांगतो कारण मला वाटतं खरा फरक तिथे पडला. मी एक आठवडा काळ्यानं स्वतः स्टॅफर्ड खेळलो. ज्याच्याशी पेट्रॉफ पडेल त्याच्याशी घोडा सी६. दोन गोष्टी झाल्या. एक, मला माझ्याच रेटिंगचे लोक धडाधड उंट जी५ आणि कॅसलिंग करताना दिसले, म्हणजे हे दुखणं माझ्या एकट्याचं नव्हतं. दुसरी जास्त महत्त्वाची, कुठली चाल आली की काळ्याला नको वाटतं हे पोटातून कळलं. समोरच्यानं एफ३ केलं की मलाच पटावर काही सुचेना, उंट सी५ ला आहे पण पुढे काय? मग तो सी३ करायचा आणि मला कळायचं की आता आपल्याकडे फक्त एक प्यादं कमी आहे, बाकी काही नाही. ही भावना एकदा काळ्या बाजूनं घेतली की पांढऱ्यानं खेळताना भीती जाते.

लिचेसवर ओपनिंग एक्सप्लोरर फुकट आहे, त्यात रेटिंगचा गट निवडता येतो. तुमच्या गटातले लोक पाचव्या चालीला काय खेळतात आणि त्याचं पुढे काय होतं ते चाल टाकून बघा, इंजिन बाजूला चालू ठेवा. मोठ्या मास्टर लोकांचे डाव बघून इथे फार उपयोग नाही, ते या वाटेला फारसे जातच नाहीत.

आणि घड्याळ. मी पहिल्या दहा चाली दहा सेकंदांत उडवायचो, ओपनिंग आहे, माहितीचंय सगळं. आता घोडा सी६ ला आला की मी हात मागे घेतो, अगदी शब्दशः फोन खाली ठेवतो, आणि तीन गोष्टी बघतो. काळा उंट कुठे बघतोय. माझं डी प्यादं हललं तर वजिराला कोण राखतंय. त्याच्या वजिराला एच४ चं घर मोकळं आहे का. वीस सेकंद जातात. दहा मिनिटांच्या डावात वीस सेकंद काहीच नाहीत, आणि तीन मिनिटांच्या डावातही मी ते देतो.

आजोबांकडे मी देशी पद्धतीनं शिकलो होतो, त्यात सुरुवातीला प्यादं एकेकच घर चालायचं, राजाला एकदा घोड्याची चाल मिळायची, कॅसलिंग हा प्रकारच नव्हता, डाव हळूहळू तापायचा. पहिल्या पाच चालींत कोणी गळा धरेल हे माझ्या रक्तातच नव्हतं. ज्यांनी असंच घरी शिकून पुढे फोनवर खेळायला सुरुवात केली त्यांना हे गॅम्बिट जास्त बोचतात असं माझं निरीक्षण आहे, त्यात त्यांचा काही कमीपणा नाही, सवय वेगळी आहे एवढंच.

जाता जाता, डी४ खेळणाऱ्यांना हेच दुखणं एंग्लुंड गॅम्बिटमध्ये होतं. डी४, ई५, प्यादं घेतलं, घोडा सी६, घोडा एफ३, वजीर ई७, उंट एफ४, वजीर बी४ शह, उंट डी२, वजीर बी२ चं प्यादं खातो. इथे उंट सी३ करून वजिरावर हल्ला करावासा वाटतो आणि तिथेच संपतं, काळा उंट बी४ ला आणतो, तुम्ही वजीर डी२ ला आणला की उंट उंटाला मारतो, वजिरानं परत घेतलं की त्याचा वजीर सी१ वर मात, घोड्यानं परत घेतलं तर ए१ चा हत्ती गेला. उंटाच्या जागी घोडा सी३ ला आणा, सगळं सुरळीत. मूळ कारण इथेही तेच, समोरच्याच्या वजिरावर हल्ला करायचा आनंद इतका होतो की आपल्या राजाशेजारचं घर कोण राखतंय ते बघायचं राहून जातं.

यंदाच्या गणपतीत तोच मुलगा पुन्हा समोर आला, आता नववीत. ई४, ई५, घोडा, घोडा, मी प्यादं घेतलं आणि त्यानं माझ्याकडे बघून घोडा सी६ ला ठेवला. मी घोडा मारला, त्यानं परत मारला, मी एफ३ केलं. तो थांबला. पहिल्यांदाच त्यानं दोन्ही हात गालांवर घेऊन पटाकडे बघितलं. उंट सी५, मी सी३. घोडा एच५, मी जी३. पुढे तो फार चिवट खेळला, माझं एक प्यादं परतही मिळवलं त्यानं, पण शेवटी हत्ती आणि प्याद्यांच्या खेळात डाव मला मिळाला. सही करून झाल्यावर तो म्हणाला, "काका, जी३ लगेच केलंत, तिथेच माझं अडलं. तिथे काळ्यानं काय करायचं?" मला खरंच माहीत नव्हतं. मग आम्ही बाजूच्या रिकाम्या टेबलावर मोहरे पुन्हा मांडले, या वेळी काळे माझ्याकडे, आणि प्रसादाची हाक येईपर्यंत तेच शोधत बसलो.